कठीण काळातील ऐतिहासिक रहस्यकथा: कोकण किनाऱ्यावरील लेखकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या लिहित्या मंडळींकडून, आणि मुंबईत राहून गावाकडची कथा रचणाऱ्यांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ऐतिहासिक कादंबरीत एक खून घातला की ती ऐतिहासिक रहस्यकथा होते का?

होत नाही. कथेतला काळ बदलून पाहावा. गुन्हा, त्याचे कारण आणि त्याची उकल जशीच्या तशी उभी राहिली, तर त्या काळाचे कथेत काही काम नव्हते असे समजावे. कठीण काळाच्या बाबतीत ही कसोटी आणखी कडक लावावी लागते: हाच गुन्हा सुबत्तेच्या वर्षात घडू शकला असता का, आणि घडला असता तर लपला असता का? गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या, दिवसांत गावात रोज प्रेते निघत असताना एका प्रेताकडे कोणी निरखून पाहत नाही, नोंदवहीत कारण ठरलेलेच लिहिले जाते, आणि घर रिकामे करून सामान जाळण्याचा हुकूम असल्यामुळे पुरावा सरकारी आज्ञेनेच नष्ट होतो. अशा ठिकाणी साथ हीच खुन्याची साथीदार झालेली असते. पुढील बहुतेक उत्तरे या एकाच कसोटीवर उभी आहेत.

२. कोकणातील कोणता कठीण काळ निवडावा?

ज्या काळात माणसे, पैसा किंवा कागद यांपैकी एखादी गोष्ट नेहमीच्या वाटेने जाणे थांबले, असा काळ निवडावा.

पहिला काळ प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला, गिरण्यांतील चाकरमानी आगबोटीने आणि पायवाटेने गावी पळाले, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि बंदरांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. आजारी माणूस दडवणे हा एका घराचा गुपित उद्योग झाला. दडवलेला माणूस खरोखर आजारीच होता का, हा रहस्यकथेचा प्रश्न.

दुसरा काळ १९१८ च्या मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचा. महायुद्ध संपत आलेले, महागाई वाढलेली, आणि शरद ऋतूतली दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी जीवघेणी. ही साथ तरुण आणि धडधाकट माणसांना विशेष नेत असे, त्यामुळे कर्ता पुरुष अचानक मेला तरी कोणाच्या मनात शंका येत नसे.

तिसरा काळ खोतीच्या, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जमीनदारीच्या, विरोधातील संघर्षाचा. अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ जमिनी कसण्यास नकार दिला. सहा वर्षे ओस राहिलेल्या शेतात काय पुरले गेले असेल, याचा विचार अजून फार थोड्या लेखकांनी केला आहे.

चौथा काळ दुसऱ्या महायुद्धाचा. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेले आणि मुंबई-कोकणाच्या ताटातला ब्रह्मदेशाचा तांदूळ नाहीसा झाला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. गावी निघून गेलेल्या, किंवा मेलेल्या, माणसाच्या रेशन कार्डावर दर आठवड्याला कोणीतरी धान्य उचलत आहे, एवढ्या एका गोष्टीवर संपूर्ण कथा उभी राहू शकते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्या दिवशी बेपत्ता झालेला प्रत्येक माणूस स्फोटातच मेला असे सारे जण धरून चालतील. ज्याला नाहीसे व्हायचे आहे, किंवा कोणाला नाहीसे करायचे आहे, त्याला याहून मोठी सोय नाही. साक्षीपुराव्याच्या १८७२ च्या कायद्याप्रमाणे सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत धरला जाई, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. १९५१ साली तो माणूस बंदरावर उतरला तर काय होईल?

३. मला दुष्काळावर लिहायचे आहे. पण कोकणात तर धो धो पाऊस पडतो. मग दुष्काळ कसा दाखवावा?

१८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ मुख्यतः घाटावरचा होता. भेगाळलेल्या जमिनीचे आणि जनावरांच्या सांगाड्यांचे वर्णन उचलून राजापूरच्या पार्श्वभूमीवर ठेवले तर स्थानिक वाचक लगेच पुस्तक मिटेल. कोकणातली उपासमार हिरवी असते. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होते, बंदर बंद असते, मासेमारी थांबलेली असते, आणि भोवती सगळे हिरवेगार असताना घरात टाकळा, अळू, फणसाच्या आठळ्या, कुळथाची पिठी आणि पातळ होत जाणारी पेज यांवर दिवस निघतात. पेजेत शिते किती आहेत यावरून घराची परिस्थिती सांगता येते, आणि ज्या घरात अचानक शिते वाढली, त्या घराकडे तपास करणाऱ्याचे लक्ष गेलेच पाहिजे.

४. तपास कोणी करायचा? त्या काळी गावात पोलीस होते का?

गावपातळीवर पोलीस पाटील होता. १८६७ च्या गावपोलीस कायद्याप्रमाणे संशयास्पद मृत्यू झाला की पंच जमवून प्रेताची पाहणी करणे आणि वर कळवणे हे त्याचे काम. त्याच्या वर फौजदार, आणि महसुलाबरोबरच दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेला मामलेदार. पोलीस पाटील हा गावातल्या बड्या घराशी बहुधा नात्याने, कर्जाने किंवा भीतीने बांधलेला असे, आणि हीच कथेची पहिली गाठ.

नायक पोलिसांतलाच असावा असे बंधन नाही; माझ्या मते तो नसलेला बरा. मृत्यूचे कारण विचारण्याचा अधिकार नसलेला, परंतु विचारण्याचे निमित्त असलेला माणूस शोधावा: लस टोचणारा कर्मचारी, टपालवाला, शाळेतले मास्तर, सुईण, आगबोटीच्या एजंटाचा कारकून. टपालवाल्याचे तर विशेष. १८८० पासून मनिऑर्डर सुरू झाली आणि कोकणातली असंख्य घरे तिच्यावर जगली. अंगठा घेणे, साक्षीदार पाहणे, कुपनावरचा मजकूर निरक्षर आईला वाचून दाखवणे, ही सर्व त्याची रोजची कामे होती. मुलगा मेल्यावरही महिन्याच्या महिन्याला पैसे येत राहिले आणि फक्त कुपनावरचे अक्षर बदलले, तर ते त्याच्याखेरीज कोणाला कळणार?

एक कायदेशीर बाब येथेच सांगून ठेवतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नसे. तो दंडाधिकाऱ्यापुढे द्यावा लागे. मात्र आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य धरला जाई. म्हणून फौजदार कबुलीपेक्षा कोयत्याच्या मागे लागतो.

५. बोटांचे ठसे, शवविच्छेदन, विषाची तपासणी यांपैकी काय वापरता येईल?

बोटांच्या ठशांचे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले; त्यामुळे प्लेगच्या पहिल्या वर्षातील वेंगुर्ल्याच्या फौजदाराने कपाटावर भुकटी शिंपडून ठसे उचलणे हास्यास्पद ठरेल. कागदावर अंगठा उठवणे ही गोष्ट वेगळी आहे.

विषाची रासायनिक तपासणी मात्र एकोणिसाव्या शतकातही होती. व्हिसेरा (प्रेताच्या पोटातील अवयव) मुंबईला केमिकल अ‍ॅनालायझरकडे पाठवत असत, आणि सोमल (आर्सेनिक) ओळखण्याची खात्रीची पद्धत १८३६ पासून माहीत होती. धोतरा, बचनाग, कण्हेर आणि काजरा ही कोकणातल्या परसात, रानात किंवा वैद्याच्या बटव्यात सापडणारी विषे. वनस्पतिजन्य विष सोमलासारखे टिकून राहत नाही, हे खुन्याला ठाऊक असण्याची गरज नाही, लेखकाला असावे. आणि जूनमध्ये मृत्यू झाला तर ती बरणी मुंबईला न्यायची कशी, हा प्रश्न उत्तर ६ मध्ये येतो.

प्लेगबाबत दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे १८९७ च्या डॉक्टराच्या तोंडी उंदरावरच्या पिसवांचा सिद्धान्त घालणे. पॉल-लुई सिमोंद यांनी तो १८९८ मध्ये कराचीत मांडला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. उंदीर मरून पडू लागले की घर सोडावे, एवढे लोक अनुभवाने ओळखून होते. दुसरी चूक अधिक मोहक आहे: प्रेताच्या काखेत किंवा जांघेत गाठ नाही, म्हणून मृत्यू प्लेगने झाला नाही, असे नायकाकडून ठामपणे वदवणे. फुफ्फुसांचा आणि रक्तात पसरणारा प्लेग गाठीशिवायही मारतो. गाठ नसणे हे संशयाचे कारण असू शकते, निर्णयाचे नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या कथेचा शेवट याच चुकीवर उभा होता, आणि एका निवृत्त डॉक्टर वाचकाने तो एका पोस्टकार्डात पाडला.

६. ‘बंद खोलीतील खून’ कोकणातल्या घरात कसा जमवावा? आमच्या घरांना तर चारी बाजूंनी दारे असतात.

खोली बंद करण्याच्या खटपटीत पडू नये. पडवी, ओटी, माजघर, मागील दार, कौले उचलून उतरता येईल असा माळा: या घरात कोणीही कुठूनही येऊ शकतो. त्याऐवजी बंदर बंद करावे.

पावसाळा लागला की मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी जाणारी आगबोटींची वाहतूक थांबत असे आणि नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा सुरू होण्याची वाट पाहिली जाई. खाड्यांवर पूल नव्हते, घाट दूर होते, आणि कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती थेट १९९८ मध्ये. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या बोटीने जे उतरले ते गावात, जे चढले ते मुंबईत, आणि मधले तीन महिने संशयितांची यादी वाढत नाही. याहून भक्कम कडी कोणत्या दाराला असेल?

बोटीवरून उतरण्याचा प्रसंगही नीट लिहावा. अनेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर येत. म्हणजे शेवटच्या बोटीने कोण आले, हे पडाववाल्याला चेहऱ्यानिशी माहीत असते. बोटीच्या कागदांत एक आकडा आणि पडाववाल्याच्या आठवणीत दुसरा, अशी तफावत मला तरी अतिशय वाचनीय वाटते.

अपवाद: मुंबई ते रेवस ही जवळची फेरी पावसाळ्यातही चालत असे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येला, ‘रामदास’ बोट बुडाली ती याच मार्गावर, आणि तीत सहाशेहून अधिक माणसे गेली. अलिबाग-रेवस भागातील कथेला म्हणून ही ‘कडी’ लागू पडत नाही. ‘रामदास’चा उपयोग करावा की नाही, यासाठी उत्तर ११ पाहावे.

७. ‘मी त्या वेळी तिथे नव्हतो’ हा बचाव त्या काळी कसा तपासत? घड्याळे किती घरांत होती?

फार थोड्या. पण ज्यांच्याकडे होती त्यांचीही एकमेकांशी जुळत नव्हती. १९०६ पूर्वी रेल्वे आणि तारखाते मद्रास वेळेवर चालत, आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. शिवाय १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे प्रमाणवेळच एक तास पुढे ढकललेली होती. ‘संध्याकाळी सहा वाजता’ असे तीन साक्षीदार शपथेवर सांगतात, तिघेही खरे बोलतात, आणि तरीही तिघे तीन वेगवेगळ्या क्षणांबद्दल बोलत असतात.

किनाऱ्यावरच्या माणसाचे खरे घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा हिशेब कोळी-खारव्यांना तोंडपाठ असतो: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी व मध्यरात्री. रोज भरती सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जी पुळण पूर्ण बुडते, तीच अष्टमीच्या भांगात, म्हणजे कमी जोराच्या भरतीत, अर्धी उघडी राहते. समजा, संशयित सांगतो, ‘अष्टमीच्या संध्याकाळी सहाला मी खाडी पायी उतरून आलो.’ घाटावरून बदलून आलेला फौजदार हे लिहून घेईल आणि शेजारी उभा असलेला तरवाला मनात हसेल. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून उकल पाच-दहा मिनिटांवर टांगू नये. खाडीच्या मुखापासून आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते, हेही ध्यानात ठेवावे.

८. बनावट दस्तऐवज कसा ओळखला जाईल?

हा कोकणातल्या रहस्यकथेचा सर्वांत श्रीमंत कोपरा आहे, आणि सर्वांत दुर्लक्षित.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक व्यवहार मोडीत होत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी ओळ ओढतो आणि मग तिला अक्षरे टांगत जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तो सहसा पाळत नाही. शाळेत बालबोध (देवनागरी) लिपी शिकून मोठा झालेला माणूस जुना मोडी कागद बनवायला बसला, तर त्याच्याकडून वेलांट्या व्याकरणशुद्ध पडतात. शुद्धलेखन अचूक असल्यामुळे पकडला गेलेला गुन्हेगार मराठीत तरी दुर्मीळच म्हणायचा.

सहीच्या जागी निशाणी असे. कुणब्याची नांगर, बाईची बांगडी. ती बहुधा लिहिणाराच काढी आणि ‘हस्ते’ म्हणून स्वतःचे नाव घाली, त्यामुळे निशाणीपेक्षा लेखनिक कोण हे महत्त्वाचे. स्टँपपेपरवर तो विकणाऱ्याची नोंद आणि तारीख असते. शिवाय मुद्रा पाहावी: व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, म्हणून १८९९ सालचा म्हणून पुढे केलेला कर्जरोखा सातव्या एडवर्डच्या मुद्रेवर लिहिलेला असेल, तर पुढचे काही बोलायलाच नको.

९. पैसे, दिवाबत्ती वगैरे तपशील किती द्यावेत?

कथेला लागतील तेवढेच, पण बरोबर. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून. भोकाचा पैसा १९४३ मध्ये आला, तेव्हा तो १९४२ च्या मृताच्या कनवटीला सापडता कामा नये, आणि सापडलाच तर कोणीतरी नंतर तेथे हात घातला आहे. घासलेट युद्धकाळात दुर्मीळ झाले. उंडीच्या तेलाचा दिवा कोकणाला जुनाच माहीत. जिल्ह्यांची नावे तपासावीत: रायगडला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत, आणि सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला.

१०. संवाद मालवणीत लिहावेत का?

मालवण-वेंगुर्ले-सावंतवाडी भागातील कथा असेल तर लिहावेत, पण चिपळूणच्या कुळाच्या तोंडी ‘माका’ आणि ‘खंय’ घालू नये. संगमेश्वरी वेगळी, अलिबागकडची आगरी वेगळी. निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवादांत बोली वापरली की वाचकाला त्रास होत नाही. बोली हाही पुरावा असू शकतो. रत्नागिरीचा म्हणून वावरणारा माणूस दचकला की ‘कित्याक’ म्हणून गेला, तर ऐकणाऱ्याने पुढे काय करावे हे सांगण्याची गरज नाही.

११. थिबा राजा, सावरकर किंवा ‘रामदास’ची दुर्घटना कथेत आणता येईल का?

पार्श्वभूमी म्हणून अवश्य. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मधील मृत्यूपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. सावरकर १९२४ ते १९३७ तेथे स्थानबद्ध होते. अशा माणसांवर सरकारची पाळत असे, म्हणजे त्या गल्लीत रात्री-अपरात्री कोण आले-गेले याची नोंद ठेवणारी माणसे आयतीच मिळतात. या व्यक्तींच्या तोंडी काल्पनिक संवाद घालणे किंवा त्यांना गुन्ह्यात गोवणे मात्र टाळावे.

‘रामदास’बद्दल माझे मत अधिक कठोर आहे. त्या बोटीने ज्यांचे आजोबा, चुलते, आत्या गेल्या ती घरे आजही रायगड जिल्ह्यात आहेत. दुर्घटनेनंतरच्या घरात कथा घडवावी. बोट एखाद्या खलनायकाने बुडवली असे दाखवू नये.

१२. खोत म्हटला की खलनायक आणि कूळ म्हटले की निर्दोष, असेच लिहावे लागते का?

लागत नाही, परंतु दोन्ही पारड्यांत समान वजन होते असेही दाखवू नये. अर्धेलीचे (निम्म्या पिकाच्या वाट्याचे) धान्य, पावती न मिळणे, बोटखतातील (खोती गावाच्या जमीन-नोंदवहीतील) नोंदीवरून होणारे वाद आणि वेठ यांनी कुळाचे हात बांधलेले होते. डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात आणले; प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. खोताचा खून झाला तर पहिला आरोप कोणावर येणार, हे गावात सर्वांना आधीच माहीत असते. म्हणून कथेतले रहस्य पुष्कळदा ‘कोणी मारले’ यापेक्षा ‘याच्यावरचा आळ निघेल कसा’ या दिशेने जाते. गावकी ज्याला पाणी नाकारते त्याची साक्ष पंचनाम्यात कशी लिहिली जाते, किंवा लिहिलीच जात नाही, हेही दाखवावे. मात्र जातीच्या छळाचा उपयोग केवळ वाचकाला चकवण्यासाठी करू नये.

१३. गुन्हेगार सरहद्द ओलांडून गेला तर?

येथे बहुतेक हस्तलिखिते घसरतात. मालवण आणि वेंगुर्ले ब्रिटिश मुलखात, सावंतवाडी संस्थान, उत्तरेला जंजिऱ्याच्या सिद्दीचे राज्य, दक्षिणेला १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज गोवा. ब्रिटिश फौजदाराला सावंतवाडीत आपल्या अधिकारात कोणाला धरून आणता येत नसे; गोव्यातून आरोपी आणणे हा तर दोन सरकारांमधला पत्रव्यवहार. तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तर तीरावर असूनही पोर्तुगीजांचा होता, त्यामुळे ‘खाडी ओलांडली की गोवा’ हे सरसकट विधान चुकते. संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली आणि त्यानंतर हा पेच फक्त गोव्यापुरता उरला. मुंबई राज्यातील दारूबंदीमुळे त्याला चोरट्या मालाची जोडही मिळाली.

१४. शेवटी गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे का?

उकल झालीच पाहिजे. शिक्षेची सक्ती नाही. साथीत साक्षीदार मरतात, कागद जळतात, मामलेदाराची बदली होते. वाचकाला सत्य कळावे आणि कथेतील निदान एका माणसाला ते कळावे, एवढे बंधन पाळावे. त्या माणसाने त्या सत्याचे काय केले, यावर शेवट करता येतो: टपालवाल्याने पुढच्या महिन्याची मनिऑर्डर त्या आईच्या हातात ठेवली, कुपन नेहमीप्रमाणे वाचून दाखवले, आणि अक्षराबद्दल काही बोलला नाही.